वाळीत टाकलेल्याच्या शेजारचे पान

श्री. भागवतनाना पाटील यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते जमिनीवर मांडी घालून जेवत होते. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. पाचोऱ्याहून सकाळच्या पॅसेंजरने जळगावला उतरलो, औद्योगिक वसाहतीपर्यंत पायी गेलो आणि मुलाखतीसाठी कारखान्यात पोहोचलो, तो नेमकी जेवणाची सुटी झालेली. शेडमध्ये वीस-पंचवीस माणसे दोन ओळींत डबे उघडून बसली होती. त्यांतल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी मला विचारले, "कोण पाहिजे?"

"मुलाखतीला आलोय. कारखाना व्यवस्थापकांना भेटायचंय."

"ते जेवताहेत. तुम्ही जेवलात का?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मधोमध मोडली, अर्धीवर मिरचीचा ठेचा ठेवला आणि शेजारची जागा हाताने झाडली. जेवण झाल्यावर हात पुसत म्हणाले, "चला ऑफिसात. व्यवस्थापक मीच." मुलाखतीतला पहिला प्रश्न होता, "मघाशी खोटं का बोललात?"

नोकरी मिळाली. खरेदी विभागात मी अजूनही आहे. कॉलेज शिकलेला आणि रोज रात्री रोजनिशी लिहिणारा म्हणून नानांनी मला 'मास्तर' हे नाव ठेवले, तेही अजून आहे.

नानांच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला कळवले होते की लेख प्रसन्न असावा. मी तीन मसुदे लिहून फाडले. नानांच्या साठीनिमित्त त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मला राग येतो. नानांचा नव्हे. काही परक्यांचा, बऱ्याचशा आपल्याच लोकांचा, आणि त्यांत एक मी आहे. राग वगळून लिहिले तर नाना उरत नाहीत, नुसता हार उरतो. म्हणून हा चौथा मसुदा आहे तसा देत आहे.

आमची कंपनी वाफेवर वीज निर्माण करणारी छोटी संयंत्रे उभारते. साखर कारखाने, तेलगिरण्या हे आमचे ग्राहक. बॉयलर, टर्बाईन आणि त्यांना जोडणारे नळ यांत नानांचे आयुष्य गेले. पहिल्यांदा वाफ सोडताना ते सांध्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे राहतात. माझे काम पक्के असेल तर मला भीती कसली, असे त्यांचे म्हणणे. चोपड्याच्या एका तेलगिरणीत उद्घाटनाला मंडप पडला होता, पाहुणे आले होते आणि ऐनवेळी एका सांध्यातून बारीक फुसफुस ऐकू आली. गिरणीचे मालक म्हणाले, "नाना, मुहूर्त टळतोय." नाना म्हणाले, "नारळ फोडा, फोटो काढा, पाहुण्यांना जेवू घाला. वाफ उद्या. मुहूर्त वाफेला कळत नाही." पाहुणे बंद यंत्राला हार घालून गेले. दुसऱ्या दिवशी वाफ सोडताना मांडवात नाना, फिटर आणि मी एवढेच होतो.

पण नानांना ओळखायचे तर त्यांची एक रीत माहीत असायला हवी. कारखान्यात कोणाला मेमो मिळाला की त्या दुपारी नाना त्याच्या शेजारी बसून जेवतात. मेमोवर सही बहुधा त्यांचीच असते. मी एकदा नळांच्या सांध्यांत बसवायची पॅकिंगे चुकीच्या मापाची मागवली आणि तीन दिवसांचे काम खोळंबले. अकरा वाजता नानांच्या सहीचा मेमो माझ्या टेबलावर आला. भाषा कडक होती आणि रास्त होती. साडेबारा वाजता मी एका कोपऱ्यात पाठ फिरवून डबा उघडला, तर शेजारी नाना. मी डब्याचे झाकण परत लावू लागलो. ते म्हणाले, "मेमो चुकीले दिला मास्तर, तुमाले नही. वांग्याची भाजी द्या इकडं." जामनेर तालुक्यातल्या, पहूरजवळच्या त्यांच्या गावची बोली अशी राग आला किंवा माया आली की बाहेर येते.

ही रीत कुठून आली ते त्यांनी फार वर्षांनी, जीपमधून पहूरवरून जाताना सांगितले. त्यांच्या गावाने एका घराला वाळीत टाकले होते. नानांच्या वडिलांनी त्या घराला दाणे न्यायला बैलगाडी दिली, तेवढ्यावरून वडिलांनाही वाळीत टाकले. न्हावी येईना, सुतार येईना, लग्नाच्या पंगतीत त्यांचे पान मांडले जाईना. मी विचारले, "पंचांचा फार राग आला असेल?"

"पंचांचा नाही आला तेवढा," नाना म्हणाले. "ते समोरून वार करत होते. राग आला तो मागच्या दाराने येणाऱ्यांचा. अंधार पडला की यायचे अन् म्हणायचे, 'आमच्या मनात काही नाही हो, पण...' त्या 'पण'चा राग अजून गेला नाही."

त्या दिवशीच्या रोजनिशीत मी हे सगळे लिहिले आणि खाली लिहिले, 'आपण असे कधी वागणार नाही.' ते वाक्य आता वाचवत नाही.

पोखरणच्या चाचण्या झाल्या त्या वर्षीची गोष्ट. एका परदेशी सरकारने आपल्या देशावर निर्बंध लादले आणि पुढे कंपन्यांची एक यादी काढली. त्या यादीत धुळ्याच्या शिवदासभाऊंच्या कारखान्याचे नाव होते. शिवदासभाऊ कंडेन्सर बनवतात, म्हणजे टर्बाईनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणारी यंत्रे. आमच्या जवळजवळ प्रत्येक संयंत्राला त्यांचेच कंडेन्सर असे, आणि त्यांचे निम्म्याहून अधिक काम आमचेच असे. त्यांचा गुन्हा काय? अणुशक्तीवर चालणाऱ्या एका वीजकेंद्राला त्यांनी पूर्वी थंड पाण्याची काही यंत्रे दिली होती. घराघरांत दिवे लावणाऱ्या केंद्राला. गावचे पंच निदान चावडीवर बोलावून विचारतात तरी. इथे कोणी विचारले नाही, आरोप सांगितला नाही. यादीत नाव आल्याचे शिवदासभाऊंना कळले ते बँकेच्या साहेबांचा आवाज बदलला तेव्हा.

मला न्यायाने बोलायचे आहे, म्हणून एक गोष्ट मान्य करतो. आपला माल कोणाला विकायचा आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा हक्क कोणत्याही देशाला आहे. त्यांनी शिवदासभाऊंना एक खिळा विकला नसता तर मी कुरकुर केली नसती. पण गोष्ट तिथे थांबली नाही. आमच्या टर्बाईनचा वेग काबूत ठेवणारे नियंत्रक परदेशातून येत. त्या कंपनीच्या मुंबईच्या प्रतिनिधींचे पत्र आले आणि सोबत एक छापील प्रतिज्ञापत्र. यादीतल्या कोणाकडूनही आम्ही काही विकत घेत नाही, घेणार नाही, आणि खात्री करण्यासाठी आमची खरेदीची कागदपत्रे केव्हाही तपासू देऊ, असे त्यात होते. कंपनीचे मालक शेठजी आणि व्यवस्थापक नाना, दोघांच्या सह्या हव्या होत्या. नाहीतर नियंत्रक मिळणार नाही.

हे पुन्हा एकदा सावकाश वाचावे. जळगावच्या कंपनीने धुळ्याच्या कंपनीकडून काय घ्यायचे, याची परवानगी समुद्रापलीकडे मागायची. आमचा कायदा आम्हाला अडवत नाही, आमचे सरकार अडवत नाही, आणि तरी आम्ही अडायचे! यादीतल्याशी बोलणारा तोही यादीत. बैलगाडी देणारा तोही वाळीत.

आणि मी काय केले? आम्ही एका साखर कारखान्याचे संयंत्र उभारत होतो, हंगाम तोंडावर आला होता आणि नियंत्रक अडला होता. शेठजींनी विचारले, "काय करायचं?" मी म्हणालो, "धुळ्याचा व्यवहार तूर्त थांबवावा." कोणी माझ्यावर दबाव आणला नव्हता. शिवदासभाऊंना पत्रही मीच लिहिले. 'आपल्याविषयी आमच्या मनात पूर्ववत आदर आहे. तथापि अपरिहार्य बाह्य परिस्थितीमुळे आपणासमवेतचा व्यवहार स्थगित ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.' त्या रात्रीच्या रोजनिशीत नोंद आहे: 'पत्राची भाषा चांगली जमली.'

दुसऱ्या दिवशी नानांनी ते पत्र वाचले. प्रतिज्ञापत्र शेजारी कोरे पडले होते. ते म्हणाले, "सहीचं नंतर पाहू. हे पत्र टपालानं जायचं नाही. तुम्ही लिहिलंत, तुम्ही न्या. हातात द्या. आणि त्यांच्याकडं जेवून या."

"नाना, जेवायला कशाला? पत्र देऊन लगेच..."

"जेवून या," एवढेच ते पुन्हा म्हणाले.

मी पारोळ्यावरून एस.टी.ने धुळ्याला गेलो. दोन तास खिशावर हात ठेवून बसलो होतो. शिवदासभाऊंचे घर कारखान्याच्या आवारातच आहे. शेडमध्ये दोनच यंत्रे चालू होती. त्यांच्या आई, अक्का, ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी अहिराणीत जळगावची ख्यालीखुशाली विचारली.

"या भाऊ, या. जयगावथीन उनात का? नाना बरा शेतस ना? बसा, पह्यले जेवी ल्या, मंग कागदपत्र."

"नको अक्का. भूक नाही."

अक्का हसल्या. ते हसू मला अजून दिसते. "आठे येनाराले आते भूक लागतच नही. बँकना साहेबले लागनी नही, नाशिकना व्यापारीले लागनी नही. तुम्हले बी नही का?"

मी जेवायला बसलो. शेवेची भाजी आणि भाकरी होती. शिवदासभाऊ हात धुऊन समोर बसले. त्यांना सगळे कळले होते, कारण मी नजर वर उचलत नव्हतो. जेवण झाल्यावर त्यांनी नुसता हात पुढे केला. मी पत्र दिले. त्यांनी ते दोनदा वाचले.

"मास्तर," ते म्हणाले, "पत्र भारी लिखेल शे. वाचतांना काहीच दुखत नही. वाचनं सरनं म्हंजे समजस, मान कापाई गई." आणि शर्टाच्या खिशातले पेन काढून विचारले, "पोच म्हनीसन सही कोठे करू?"

मी पत्र त्यांच्या हातातून घेतले आणि घडी करून खिशात ठेवले. "नको. हे परत नेतो."

"आनि शेठले काय सांगशात?"

"जेवलो म्हणून सांगेन."

अक्का आतून म्हणाल्या, "मंग अजून अर्धी भाकर ल्या. सांगाले जोर लागी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी एवढेच विचारले, "जेवले?" मी हो म्हणालो. या वेळी ते खरे होते. नानांनी कोरे प्रतिज्ञापत्र उचलले आणि आम्ही दोघे शेठजींकडे गेलो. शेठजी वाईट गृहस्थ नाहीत. ते घाबरले होते. "नाना, भावना बाजूला ठेवा," ते म्हणाले.

"ठेवल्या," नाना म्हणाले. "आता हिशेबानं बोलतो. आज सांगताहेत शिवदासकडून घेऊ नका. उद्या कोणाकडून घ्यायचं तेही तेच सांगतील. मग या खुर्चीत तुम्ही कशाला पाहिजे?"

शेठजींनी त्याच दिवशी दोन गोष्टी केल्या. दिलेले पत्र न पोहोचवल्याबद्दल मला मेमो द्यायला सांगितला. नानांनी तो दिला, सही केली. नियम तो नियम. दुपारी माझ्या शेजारी बसले. आणि सही नाकारल्याबद्दल शेठजींनी संध्याकाळी नानांना मेमो दिला. सगळ्या सेवेतला पहिला.

त्यानंतरची दुपार मला लिहून टाकायची आहे. नाना नेहमीच्या जागी बसले, डबा उघडला. त्यांच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूची जागा रिकामी. वर शेठजींच्या खोलीची खिडकी उघडी होती आणि ती उघडी आहे हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होते. कोणी हलले नाही. मी माझा डबा घेऊन उठलो आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. रोजनिशीत मी लिहिले आहे, 'लगेच उठलो.' ते खोटे आहे. नानांची पहिली भाकरी संपत आली होती. एवढा वेळ मी खिडकीकडे बघत होतो. मी बसलो, मग फिटर आले, मग सगळी ओळच सरकून आली. नानांनी ठेच्याची पुडी माझ्याकडे सरकवली. 

पुढच्या आठवड्यात मुंबईचे प्रतिनिधी स्वतः आले. गोड बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "नानासाहेब, खरं सांगू? आमच्या मनात काहीच नाही हो. पण..."

मी इतकी वर्षे नानांबरोबर काढली, त्यांचा आवाज त्या एकाच दिवशी चढलेला ऐकला. "बस! त्या 'पण'च्या पुढं एक अक्षर नको. धुळ्याचा रस्ता कोनाचा हाये? पारोळ्याच्या नाक्यावर तुमचे साहेब येऊन उभे राहनार का, कोनाच्या ट्रकमधी कोनाचं कंडेन्सर हाये पाहाले? तुमचा माल तुमाले इकायचा नसंल तर नका इकू. आमच्या शेजाऱ्याशी आमी बोलाचं का नही, हे इचारनारे तुम्ही कोन?"

जेवणाची वेळ झाली होती. नानांनी त्या गृहस्थांना जेवायला बोलावले नाही. पुढे कधीतरी ते मला म्हणाले, "चुकलो मास्तर. तोही कोणाचा तरी नोकरच. त्याला जेवू घालायला पाहिजे होतं." नानांचे म्हणणे मी सहसा मानतो. हे मानत नाही. तो माणूस उपाशी गेला याचे मला आजही बरे वाटते, आणि असे वाटणे बरे नाही हेही मला कळते.

नियंत्रक आला नाही. ही विजयाची कथा नाही आणि तशी ती कोणी सांगू नये. एका बंद पडलेल्या टर्बाईनवरचा जुना नियंत्रक उतरवून नानांनी तो साखर कारखान्यात बसवला. त्याच्यावर भरवसा ठेवता येत नव्हता, म्हणून दर पाळीला एक माणूस नुसता वेग बघत उभा ठेवावा लागला. कित्येक दिवस तो माणूस नाना होते. हंगाम उशिरा सुरू झाला. पुढचे काम त्या कारखान्याने आम्हाला दिले नाही. निवृत्तीनंतर व्यवस्थापकांना दोन वर्षांची मुदतवाढ देण्याची आमच्याकडे पद्धत आहे, ती यंदा निवृत्त होणाऱ्या नानांना मिळालेली नाही. शेठजींनी प्रतिज्ञापत्रावर सही मात्र अखेर केली नाही, कारण नानांच्या सहीवाचून त्याला अर्थ नव्हता. शिवदासभाऊंचे कंडेन्सर अजून आमच्याकडे येतात. त्यांचे नाव अजून यादीत आहे.

आता या ग्रंथाच्या वाचकांशी दोन शब्द. आपण सारे नानांचा स्नेहपरिवार आहोत. आपल्यापैकी अनेकांचे जळगाव-धुळ्यात कारखाने, दुकाने, पेढ्या आहेत. त्या वर्षी शिवदासभाऊंकडे माझ्या पत्रासारखी किती पत्रे गेली, ते त्यांनी मला सांगितलेले नाही. त्यांनी ती एका पिशवीत ठेवली आहेत, एवढेच मला माहीत आहे. कोणी प्रतिज्ञापत्रावर सही केली, कोणी मागितली जाण्याआधीच केली. ग्रंथात आमच्या कंपनीची पानभर शुभेच्छा छापायची आहे आणि तिचा मजकूर तपासायला माझ्याकडे आला होता. त्यात 'निर्बंधांच्या काळात कंपनी ठाम उभी राहिली' असे वाक्य होते. मी ते खोडले आहे. छापताना पुन्हा घातले गेले तर वाचकांनी समजून घ्यावे. ठाम उभे राहिले ते एक गृहस्थ, आणि त्यांच्या शेजारची जागा बराच वेळ रिकामी होती.

सत्काराला नानांनी एका अटीवर होकार दिला आहे. जेवण धुळ्याला, शिवदासभाऊंच्या शेडमध्ये, सगळ्यांनी जमिनीवर एका ओळीत. मध्ये शिवदासभाऊ बसतील आणि त्यांच्या एका बाजूला नाना. दुसऱ्या बाजूची जागा कोणासाठी, असे मी विचारले तेव्हा नाना म्हणाले, "जो आधी येईल त्याची." अक्कांचा निरोप आहे की भूक लागलेल्यांनीच यावे.

नानांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. शिवदासभाऊंचे नाव त्या यादीतून निघालेले त्यांना याच चष्म्यातून दिसो. आम्ही अजून पुष्कळ चुका करणार आहोत, निवृत्तीनंतरही त्या प्रत्येक दुपारी त्यांचा डबा आमच्या शेजारी उघडो. त्या सुरेख भाषेतल्या पत्राची घडी माझ्या रोजनिशीत आहे. ती मी सत्काराच्या दिवशी सोबत आणणार आहे आणि शिवदासभाऊंच्या पिशवीत, इतरांच्या पत्रांबरोबर, ठेवणार आहे. मग त्यांच्या दुसऱ्या बाजूची जागा रिकामी दिसली, तर या वेळी मी खरोखरच लगेच उठेन.